सात वीसच्या तासाची लढाई

इतर ठिकाणचे विद्यार्थी सकाळचा तास नको म्हणून भांडत असतील. आम्ही तो हवा म्हणून भांडलो. हे सांगितलं की लोक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. कारण लढायला उभ्या राहिलेल्या आम्हा सात जणांपैकी पाच जणांनी तो तास कधी पाहिलासुद्धा नव्हता.

मी तेव्हा जळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गाव नरडाण्याच्या पलीकडे. खरं तर आम्हाला धुळं जवळ, पण धुळ्यात मामा नव्हता आणि जळगावात होता, त्यामुळे माझं शिक्षण जळगावात झालं. मामानं घरामागची पत्र्याची खोली दिली आणि ओळखीनं पाइपच्या कारखान्यात चिकटवलं. दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी बांधायची आणि रचायची. कॉलेज सकाळी सात वीसला सुरू होई आणि बाराच्या आत सुटे. मधल्या वेळात जेवण, अंघोळ आणि डुलकी. मला त्या वेळापत्रकाचा अभिमान होता. गावाकडे कुणी विचारलं की मी ते पाठ म्हणून दाखवत असे.

दिवाळीनंतर नव्या सत्रासाठी कॉलेज उघडलं तर फळ्यावर नोटीस. 'इमारतीचा पुरेपूर विनियोग व संसाधननिर्मिती' असा मथळा. मथळा समजायला मला तीन वेळा वाचावं लागलं, खालचा मजकूर मात्र एका वाचनात कळला. जानेवारीपासून कला शाखेचे वर्ग साडेअकरा ते साडेचार. सकाळी त्याच खोल्यांत डॉक्टर-इंजिनिअरच्या प्रवेशपरीक्षांचा एक खाजगी क्लास चालणार. त्या क्लासच्या जाहिराती शहरभर लागल्या होत्या. त्यांतली सगळी पोरं चष्म्यातली आणि हसरी.

साडेचारला कॉलेज सुटणार आणि तीनला पाळी सुरू होणार. मी सुपरवायझरकडे गेलो, म्हटलं रात्रपाळी द्या. तो म्हणाला, रात्रपाळीला भत्ता असतो, ती जुन्या लोकांची, तू तर कंत्राटातला. म्हणजे कारखाना तरी सोडायचा नाहीतर कॉलेज. कारखाना सोडला तर जळगावात राहायचं कशावर? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती पायरी अशी नोटीस लावून काढून घेतली जाईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला राग येतो.

रागाच्या भरात मी अध्यक्षाकडे गेलो. तो तेव्हा अध्यक्ष नव्हता, बामणोदकडचा एक आळशी, मोठ्या आवाजाचा वर्गमित्र होता. आवाज मोठा म्हणूनच गेलो. कॉलेजातल्या निवडणुका म्हणजे आमच्यासाठी जुन्या लोकांनी सांगायच्या गोष्टी. विद्यार्थी परिषद होती, पण ती परिषद पहिल्या नंबरच्या मुलांची नेमणूक करून बने आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांना गुच्छ देऊन संपे. म्हणून आम्ही टपरीवर चहा घेत स्वतःची संघटना काढली. सात सभासद, सातही पदाधिकारी. सचिव म्हणून वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी घेतली, कारण नोटिशीतले शब्द तिला न अडखळता वाचता येत. माझं अक्षर बरं म्हणून मी सहसचिव. साधा सभासद कुणीच नव्हता. घोषणा द्यायची वेळ आली की 'विजय असो' म्हणायलाही पदाधिकारीच लागत.

आम्ही निवेदन घेऊन प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य ठेंगणे, गोड बोलणारे, बारा महिने स्वेटर घालणारे. नुकतेच पुण्याहून कसलंसं शिबिर करून आले होते, त्यामुळे त्यांच्या तोंडात काही नवे शब्द आले होते.

"बसा. आता काळ बदललाय. विद्यार्थी हा आमचा ग्राहक आहे," ते म्हणाले.

"ग्राहक असू तर माल परत करता येतो का सर?" अध्यक्षानं विचारलं. "पहिल्या वर्षाचं इंग्रजी मला परत करायचंय."

प्राचार्य हसले. मग त्यांनी कपाटातून हजेरीपट काढला आणि टेबलावर आमच्याकडे तोंड करून उघडला. सात वीसचा तास, विषय अर्थशास्त्र. सोमवारी चार हजर, मंगळवारी तीन, बुधवारी पाच, गुरुवारी दोन. पटावर नावं ऐंशी.

"ज्या तासाला कुणी येत नाही तो तास तुमच्या हक्काचा?" ते शांतपणे म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं हे."

मी धीर करून म्हटलं, "मी रोज येतो सर."

"येता. आणि शेवटच्या बाकावर झोपता. मी खिडकीतून पाहिलंय."

हे खरं होतं. अकराला पाळी सुटल्यावर माणूस सकाळी दुसरं काय करणार? पण ते बोलायची ती जागा नव्हती.

इतक्यात सचिव म्हणाली, "आणि तास भरला तर?"

प्राचार्यांना त्या प्रश्नात गंमत वाटली असावी. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि अट लिहिली. येत्या सोमवारपासून, शनिवार-रविवार सोडून, कामाचे पंधरा दिवस सात वीसच्या तासाला निम्मा वर्ग, म्हणजे चाळीस विद्यार्थी, हजर पाहिजेत. सलग. एक दिवस जरी कमी पडले तरी विषय संपला. पंधरा दिवस भरले तर ते स्वतः संस्थेपुढे सकाळच्या वर्गाची बाजू मांडणार. आम्ही सातही जणांनी खाली सह्या ठोकल्या. बाहेर येऊन घोषणाही दिल्या. कॅलेंडर बघायचं कुणालाच सुचलं नाही.

पहिली अडचण अर्थशास्त्राचे सर. हे सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. सकाळी जळगाव आणि दुपारी धुळं, अशी दोन कॉलेजं करत. राहायला धुळ्यात. पहाटेची एस.टी. पकडत आणि झोपेतच पारोळा, एरंडोल पार करून येत. गालावर खिडकीच्या गजाचा वळ घेऊनच ते वर्गात शिरत. दोन-तीन पोरांसमोर फळ्यावर धड्याचं नाव लिहायचं आणि मंद आवाजात काहीतरी वाचायचं, एवढीच त्यांना सवय. सोमवारी दार उघडलं तर आत सत्तेचाळीस जण बसलेले. सर 'माफ करा' म्हणाले आणि दार लावून परत गेले. मी धावत जाऊन त्यांना आणलं.

"हे सगळे आपल्याच वर्गातले?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"मग आधी सांगायचं ना. मी काही वाचून आलो नाही."

दुसऱ्या दिवशी मात्र सर वाचून आले. तिसऱ्या दिवशी दाढी करून आले. आठवड्याअखेरीस हातात रंगीत खडू दिसले.

दुसरी अडचण पोरांना उठवायची. मार्गशीर्षाच्या तोंडची थंडी, आणि खान्देशातली थंडी म्हणजे चेष्टा नाही. उन्हाळ्यात जो प्रदेश माणसाला भाजून काढतो, तोच डिसेंबरात सकाळी सहाला पांघरुणातून नाक बाहेर काढू देत नाही. आम्ही उठवणारी पथकं केली. मुलींच्या वसतिगृहाची काळजी नव्हती. तिथं सचिव स्वतः होती आणि ती पहाटे पाचला दाराच्या कड्या वाजवी. मुलांच्या खोल्यांवर ताट आणि पळी घेऊन मी फिरे. कुणी शिव्या देई, कुणी आतून 'उठलो, उठलो' ओरडून परत झोपे. अध्यक्षाला उठवणं हे स्वतंत्र काम होतं. तो झोपेतच उठून बसायचा, सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं द्यायचा आणि तुम्ही पाठ फिरवलीत की आडवा व्हायचा. शेवटी आम्ही त्याची गोधडीच सोबत घेऊन निघायचो. गोधडीच्या मागे तो कॉलेजपर्यंत यायचा.

प्राचार्य रोज सात पंचवीसला दारात उभे राहून डोकी मोजत आणि कागदावर सही करत. पहिले तीन दिवस ते हसत सही करत. पाचव्या दिवशी हसू कमी झालं. आठव्या दिवशी त्यांनी दोनदा मोजलं. आणि एक वेगळीच गोष्ट व्हायला लागली. रोज यायचंच आहे तर ऐकूया म्हणून पोरं ऐकू लागली, आणि ऐकतात म्हणून सर शिकवू लागले. नवव्या दिवशी सरांनी एक विनोद केला. तो कुणाला कळला नाही, पण सगळे हसले. मीसुद्धा तो सबंध आठवडा तासाला झोपलो नाही.

अकराव्या दिवशी तास सुटल्यावर सचिवानं मला बाजूला घेतलं. चेहरा उतरला होता.

"परवा काय आहे, माहितीये?"

"तेरावा दिवस."

"चंपाषष्ठी."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे कितीतरी घरांत चातुर्मासात वांगं खात नाहीत. चार महिने शेतातल्या पिकाकडे नुसतं बघायचं. मग चंपाषष्ठीला खंडेरावाला भरीत-भाकरीचा निवद दाखवायचा आणि नंतरच तोंडाला वांगं लावायचं. पांढरट हिरवी, हातभर वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडजीत, म्हणजे लांबट कुंडीत, ठेचतात आणि सगळे भाऊबंद एका ठिकाणी जेवतात. त्या दिवशी पोरगं बाहेरगावी राहिलं तर लोक आजारी आहे का विचारतात. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं शेतकऱ्यांची. आम्ही सातही जण शेतकऱ्यांचे. आणि सही करताना एकालाही खंडेराव आठवला नव्हता. शहरातल्या पोरांकडून ही चूक झाली असती तर समजलो असतो.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. एक दिवस सोडा म्हटलं.

"खंडेराव माझंही कुलदैवत आहे," प्राचार्य म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते मनापासून हसले. "पण मी परवा कॉलेजात असणार. सह्या तुमच्या आहेत."

संघटनेची तातडीची बैठक झाली. तीत अध्यक्षानं जोरदार भाषण केलं, व्यक्तिगत भावनांपेक्षा लढा मोठा असं म्हणाला. बैठक संपल्यावर मला हळूच म्हणाला, "भो, घरी चाळीस पाव्हणे येऊन राह्यले. मी नही गेलो तं भरीत कोण ठेचीन?"

मी आईला फोन लावला. घरी येणार नाही हे सांगायचं धाडस दोन पेले पाणी पिऊन गोळा केलं होतं.

"सटले तू घर येवाव नही?" आई म्हणाली. "देवना निवद टाकीसन कॉलेज कसानं रे?"

मी सगळं सांगितलं. नोटीस, साडेचारची वेळ, कारखाना, कागदावरची सही. ती मधे बोलली नाही. आई मधे बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"म्हंजे सकायना वर्ग बंद पडना ते तुले कंपनी नही ते कॉलेज, एक सोडनं पडी?"

"हाव."

"मंग तू नको येऊ. मीच येस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नरडाण्याहून पॅसेंजरनं आली. डोक्यावर वांग्यांचं पोतं, हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी. पाणीसुद्धा न पिता तिनं माझा मोबाईल मागितला, पोरांच्या घरचे नंबर काढून द्यायला सांगितले आणि एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. ठराविक वाक्यं होती.

"अक्का, मी एक पोऱ्यानी माय बोली ऱ्हायनू. तुमना पोऱ्या आनि मना पोऱ्या एकच वर्गम्हा शेतस. यंदा निवद कॉलेजम्हा दाखाडना शे. वांगा मी लई येल शे, तुमी भाकरी लई या. आनि पोऱ्याले घर बलावू नका."

पूर्वेकडच्या, केळीच्या पट्ट्यातल्या घरांना तिची अहिराणी अर्धीच कळे आणि तिला त्यांची बोली अर्धीच कळे. पण खंडेराव, वांगी आणि पोरगं हे तीन शब्द दोन्हीकडे सारखे होते. माझी पाळीची वेळ झाली तरी तिचे फोन चालूच होते. बॅटरी संपली तेव्हा ती मामीच्या फोनवर गेली.

चंपाषष्ठीला सकाळी साडेसहाला सायकल स्टँडच्या मागे कपाशीच्या काड्या पेटल्या. वॉचमन काठी घेऊन धावत आला. आगीशी खेळायचं नाही असा कॉलेजचा नियम आहे, असं त्यानं ठणकावलं. आईनं त्याला विचारलं, तुमच्या घरी निवद झाला का? नव्हता झाला. पाच मिनिटांनी तो काठीनंच वांगी उलटी करत होता. एस.टी.नं, काळीपिवळीनं, मोटरसायकलच्या मागे बसून बायका यायला लागल्या. काही आया, काही मावश्या, एक आजी. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. भरताचा वास पार ऑफिसपर्यंत गेला.

अध्यक्षाची आई पण आली, पाहुणे जावांवर सोडून, बामणोदहून, पहाटेच्या गाडीनं. तिनं मला गाठलं.

"आमचं पोरगं कुठी हाये भो? फोनच नही उचलून राह्यलं."

अध्यक्ष त्याच पहाटे पहिल्या गाडीनं बामणोदला गेला होता, भरीत ठेचायला. मागून कळलं की भुसावळच्या स्टँडवर दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. असे आणखी चार-पाच वीर निघाले. आया इकडे आलेल्या आणि हे चोरून घरी गेलेले. तिकडे घरी आई दिसेना म्हणून त्यांचे फोन येऊ लागले.

सात वीस झाले. आया बाहेर थंडीत कशाला उभ्या राहतील? त्या आत येऊन बाकांवर बसल्या. सर गालावर वळ घेऊन आले, दारात थबकले, पण या वेळी परत गेले नाहीत. खडू उचलला.

"आपण मागणी आणि पुरवठा बघत होतो," सर म्हणाले. समोर लुगडी आणि शाली बघून त्यांनी उदाहरण बदललं. "समजा, चंपाषष्ठी आली. वांग्याला मागणी वाढली. मग वांग्याच्या किमतीचं काय होईल?"

मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "कोन्हा वांगानं सांगतस? आमना वावरना का बाजारना?"

"दोन्ही एकच की."

"नही भो. वावरम्हा भाव तोच ऱ्हास. तो गाडीम्हा बठीसन बाजारम्हा गया की मंग वाढस."

सगळ्या बायका 'हाव, हाव' म्हणाल्या. सर फळ्याकडे वळले, काढलेली रेघ पुसली आणि तिच्या जागी दोन रेघा काढल्या. मग त्या दोन रेघांच्या मधली जागा कुणाच्या खिशात जाते, यावर असा तास झाला की मी आजही तो विसरलेलो नाही. एक आजी शेवटी म्हणाली, हे आधी कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. सरांचे डोळे भरून आले. थंडीनं असं ते म्हणाले.

प्राचार्य दारात आले. मोजायला लागले. बोट हवेत फिरत होतं. मोजून झालं.

"बासष्ट," ते म्हणाले. "पण यात विद्यार्थी किती?"

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. सर खोटं बोलले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांचीसुद्धा सकाळ जाणार होती.

"एकतीस," सर म्हणाले.

नऊ कमी. प्राचार्यांनी पेनचं टोपण काढलं. तेव्हा आई उठली. वर्गात उभं राहून बोलतात हे तिला माहीत नव्हतं, ती देवळात उठतात तशी पदर सावरत उठली.

"साहेब, हाऊ मना पोऱ्या. सकायले आठे येस, दुपारले कंपनीम्हा जास. सकायना वर्ग तुमी दुसराले दिधा ते याले घर येनं पडी. घर काय, वावर शेच. पन आमना घरम्हा कॉलेजले येल हाऊ पहिलाच शे. तुमीच सांगा, याले आज संगे लई जाऊ का आठेच ऱ्हाऊ देऊ?"

माझे कान तापले. मला रडू येत होतं आणि वर्गातल्या मुलींसमोर येऊ नये असंही वाटत होतं. प्राचार्यांनी पेनला टोपण लावलं. मग ते बोलले, आणि आम्ही गार पडलो, कारण पुण्याचे शब्द कुठल्या कुठे गेले होते.

"माय, तुमी बठा. तुमले खोटं नही सांगत. करार दिवाईलेच व्हई जायेल शे."

"मंग या पोरेस्ले तेरा दिन कसाले पयाडात?"

"माले वाटनं, तीन दिनम्हा थकी जातीन."

वर्गात जो गोंधळ झाला तो काय सांगू. सचिव बाकावर उभी राहिली. वसतिगृहातल्या मुलींनी बाकं बडवली. आयांनी प्राचार्यांना घेरलं, पण आमच्याकडच्या पद्धतीनं घेरलं. त्यांना आधी खाली बसवलं, पुढ्यात ताटली ठेवली, भरीत वाढलं, भाकरी मोडून दिली. निवदाला नाही म्हणता येत नाही. आणि जेवणाऱ्या माणसाला उठता येत नाही. एकेक बाई वाढता वाढता आपापल्या पोराची किंवा पोरीची गोष्ट सांगत होती. प्राचार्य खात होते, घाम पुसत होते, मान हलवत होते. तिसऱ्या भाकरीला त्यांनी कागद मागितला.

एक खोली. वरच्या मजल्यावरची शेवटची. क्लासवाल्यांना एक खोली कमी पडेल, ते मी बघतो, म्हणाले. ही तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तिचे तास सकाळीच भरतील. लिहिलं आणि सही केली. कागदावर तेलाचा डाग पडला. तो कागद आम्ही सहा जणांनी दहा वेळा वाचला आणि त्यात आम्हाला कुठंच काही खटकलं नाही.

दुपारी बारा वाजता अध्यक्ष धापा टाकत परत आला, सोबत बामणोदचं भरीत. त्याच्या आईनं सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग आम्ही त्याला खांद्यावर घेतलं. तो जळगाव जिंकल्यासारखा हात हलवत होता. त्या आठवड्यात संघटनेची शेवटची बैठक झाली. लढा यशस्वी झाला, आता अभ्यासाला लागावं, असा ठराव मीच माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला. पेढे वाटले आणि संघटना बरखास्त केली.

जानेवारीत शेजारच्या खोल्यांत क्लास सुरू झाला. एकसारख्या टी-शर्टमधली पोरं, एकसारख्या बॅगा. आमच्या खोलीत सात वीसचा तास चालू राहिला. फेब्रुवारीपर्यंत हजेरी पुन्हा घसरून नवावर आली. अध्यक्ष परीक्षेलाच दिसला. मी मागच्या बाकावर परत झोपायला लागलो, पण आता सर मला खडू मारून उठवत. त्यांना माझी ओळख पटली होती.

जूनमध्ये मी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला ऑफिसच्या खिडकीशी उभा होतो. माझ्या पुढे एक मुलगी होती, पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी आलेली. ओढणीवर डाळीची पिवळी भुकटी. डाळमिलमध्ये दुपारी दोनपासून काम करते, सकाळचा वर्ग पाहिजे, असं ती कारकुनाला सांगत होती.

"सकाळ फक्त जुन्या तुकडीला," कारकून म्हणाला. आणि माझ्याकडे बोट केलं. "यांनी भांडून घेतलंय. यांना विचार."

ती वळली. रागावलेली नव्हती, उलट बरं वाटल्यासारखी दिसली. मी तिला कागदात काय लिहिलंय ते सांगितलं. ही तुकडी म्हणजे आमची. आम्ही बाहेर पडलो की ती खोली जाणार. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा ते नीट ऐकू आलं. मी तेरा दिवस पोरांना उठवत फिरलो होतो, आई पोतं घेऊन आली होती, आणि आमच्यानंतर कुणी येईल हे आम्हा सात पदाधिकाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग भाऊ, तुमनी संघटनाम्हा नाव कोठे लिखनं पडस?"

"संघटना बंद केली," मी म्हटलं.

"बंद कसाले करी?"

मागून रांगेतला माणूस सरका म्हणत होता. कारकुनानं माझ्या फॉर्मसाठी हात पुढे केला होता. मला मान वर करता येईना. खरं होतं तेच मी सांगितलं. आमचं काम झालं होतं, म्हटलं.